सतराचा पाढा: गरोदरपणातल्या व्यायामाच्या नोंदी

तारखांऐवजी आठवडे लिहिलेत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले. दवाखान्यातही सगळे त्याच हिशोबात बोलतात. माझ्याबद्दल एवढंच: बैठं काम, पहिलंच गरोदरपण, आधी आठवड्यातून तीन-चारदा पळायचे आणि अधूनमधून डंबेल्स उचलायचे. खेळाडू वगैरे अजिबात नाही. जे चुकलं ते मुद्दाम सविस्तर लिहिलंय, कारण सुरुवातीला मला हवी होती ती नेमकी हीच माहिती आणि ती कुणी देत नव्हतं.

6 आठवडे 4 दिवस

पहिल्या भेटीला प्रश्न कागदावर लिहून नेले होते. "पळू का?" हा त्यातला तिसरा. डॉक्टरबाईंनी उत्तर द्यायच्या आधी मलाच फैलावर घेतलं. हृदयाचा, फुप्फुसाचा काही आजार? बीपी? आधी कधी गर्भपात? अंगावरून काही जातंय? रक्त तपासायला दिलं, जुळं आहे का ते सोनोग्राफीत बघितलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "जे करत होता ते करा. नवीन पराक्रम मात्र सुरू करू नका."

निघताना आणखी एक सांगितलं: ही परवानगी आजच्यापुरती आहे. पुढे वार (प्लॅसेंटा) खाली दिसली, गर्भाशयाचं तोंड उघडतंय असं वाटून टाका घालावा लागला, बीपी चढलं, पाणी गेलं किंवा दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर व्यायाम बंद. हे वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलंय. तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला मिळालेलं "हो" तुमच्या कामाचं नाही.

बेत: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात गरोदर बायकांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. म्हणजे रोज 30 मिनिटं, पाच दिवस. तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला.

7 आठवडे 2 दिवस

तक्ता तिसऱ्या दिवशी कोसळला.

नेहमीसारखी सकाळी उपाशीपोटी पळायला निघाले. अकराव्या मिनिटाला अंगाला थंड घाम, कानात शिट्टी, डोळ्यांपुढे अंधारी. पहिला दिसला त्या कट्ट्यावर बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. नवरा न्यायला आला. "अगं, काही खाल्लं होतंस का?" त्यानं विचारलं. नव्हतं.

या दिवसांत रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी थोडं उतरतं, रक्तातली साखरही उपाशीपोटी लवकर खाली येते. गेली चार वर्षं जे चालत आलं ते आता चालणार नाही, एवढा साधा अंदाज मला आला नव्हता. दुरुस्ती: निघण्याच्या तासभर आधी काहीतरी खाणं, सोबत पाणी आणि खाऊ, आणि फोन घरी न विसरणं.

आठवड्याचं एकूण: 11 मिनिटं.

8 आठवडे 6 दिवस

मळमळ. सकाळ गेली, रात्र गेली. दिवसात कुठली वेळ बरी जाते ते चार दिवस तासातासाला लिहून बघितलं. दुपारी चार ते सहा. मग व्यायाम त्या दोन तासांत बसवला: दहा मिनिटं चालणं, जमलं तर पुन्हा दहा. कपडे बदलत नाही, बूट तेवढे घालते. कपडे बदलायला गेलं की पलंग दिसतो.

आठवड्याचं एकूण 70 मिनिटं. फ्रिजवरचा तक्ता काढून टाकला.

10 आठवडे 3 दिवस

मनगटी घड्याळानं वैताग आणलाय. एका नातेवाईक बाईंनी बजावलं होतं की गरोदरपणात हृदयाचे ठोके 140 च्या वर जाता कामा नयेत. मी घड्याळात 140 चा गजर लावला. आता साधा चढ चढला तरी ते ओरडतं. मग मी थांबते, ठोके उतरायची वाट बघते, पुन्हा निघते, पुन्हा ओरडतं. 25 मिनिटांच्या चालण्यातली नऊ मिनिटं उभी होते. दोन आठवडे हेच चाललंय.

आज डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या हसल्या. हा 140 चा आकडा अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं 1985 साली दिला होता, जोरकस व्यायाम 15 मिनिटांपेक्षा जास्त नको या अटीसकट. 1994 साली त्यांनीच तो मागे घेतला. आकडा मात्र घरोघरी अजून जिवंत आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि नुसतं बसल्याजागीही ठोके मिनिटाला 10 ते 20 नं जास्त पडतात. त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावरून दमणूक कळत नाही. मग कशावरून कळते? "बोलून बघा," म्हणाल्या. "चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. हा मध्यम व्यायाम."

गजर बंद केला. दोन आठवडे वाया.

11 आठवडे 1 दिवस

एकटी चालते, बोलणार कुणाशी? फोनवर बोलून बघितलं, पण समोरचा बोलतो तेव्हा आपण गप्प असतो, मग चाचणी कसली. शेवटी पाढे काढले. सतराचा पाढा मोठ्यानं. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी" इथपर्यंत एका दमात गेले तर वेग वाढवायला जागा आहे. प्रत्येक ओळीला श्वास घ्यावा लागला पण ओळ तुटली नाही तर बरोबर. "सतरा... त्रिक" असं ओळीच्या मधेच अडकले तर वेग जास्त झालाय.

ये-जा करणारे बघतात. बघू देत. या अख्ख्या वहीत सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती हीच आहे, आणि फुकट.

14 आठवडे 5 दिवस

मळमळ गेली. कुणीतरी दिवा लावल्यासारखं वाटतंय. त्या आनंदात काल 35 मिनिटं पळले, आल्यावर डंबेल्स घेऊन 20 मिनिटं. रात्री कूस बदलताना उजव्या जांघेत अशी कळ आली की श्वास अडकला. आज शिंक आली, पुन्हा तीच कळ.

फोन केला. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोरखंड असतात, ते ताणले जातायत. झटक्यानं वळलं, शिंकलं, खोकलं की चिमटा बसतो. कळ क्षणभर येऊन गेली तर काळजी नको, टिकून राहिली किंवा सोबत रक्त, ताप असं काही आलं तर लगेच या, असं सांगितलं. शिंकायच्या आधी कमरेत थोडं वाकायचं, हा त्यांचा सल्ला लगेच लागू पडला.

पुढचे दोन दिवस काहीच केलं नाही. बरं वाटतंय म्हणून सहा आठवड्यांची थकबाकी एका दिवसात भरायला गेले होते.

16 आठवडे 0 दिवस

वेळापत्रक आता बसलंय. तीन दिवस चालणं-पळणं मिळून 30 मिनिटं, दोन दिवस वजनं 25 मिनिटं. आठवड्याचं एकूण 140. आधी 6 किलोचे डंबेल्स घ्यायचे, आता 4. एक नियम कडक: वजन वर जाताना श्वास बाहेर. श्वास कोंडून जोर लावला की बीपी झटकन चढतं आणि सगळा दाब खाली ओटीपोटावर जातो. मला श्वास कोंडायची सवय आहे हे आत्तापर्यंत माहीतच नव्हतं. नवऱ्यानं शेजारी उभं राहून पकडलं. आता प्रत्येक वेळी "सोड" म्हणतो आणि मला राग येतो.

19 आठवडे 3 दिवस

पाठीवर झोपून कंबर उचलायचा व्यायाम करत होते, तीन फेऱ्यांचा बेत. दुसऱ्या फेरीनंतर तशीच पडून राहिले आणि एकदम कसंसंच झालं. चक्कर, मळमळ, छातीत धडधड. वाटलं, खाणं कमी पडलं. पण तासापूर्वीच खाल्लं होतं. डाव्या कुशीवर वळले आणि मिनिटभरात सगळं निवळलं.

उताणं झोपल्यावर वाढलेलं गर्भाशय पाठीच्या कण्याला लागून असलेल्या मोठ्या शिरेवर दाबतं. पायांकडचं रक्त हृदयाकडे परत यायला अडखळतं, मग बीपी पडतं. सगळ्यांना होतं असं नाही आणि एकदा झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण शरीर इतकं सरळ सांगतंय तर ऐकावं. उताणं पडून करायचे सगळे व्यायाम आजपासून यादीतून बाद.

त्यांच्या जागी: पोट धरून ठेवायचा सराव हातापायांवर ओणवं राहून, मांड्यांचा कुशीवर, छातीचा भिंतीला हात लावून. पाठ टेकायचीच असेल तर तीन उशा रचून अर्धवट बसते.

20 आठवडे 2 दिवस

मोठी सोनोग्राफी. वार वरच्या बाजूला आहे, परवानगी कायम. पळणं मात्र मीच थांबवलं. डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं. पण मूत्राशयावर प्रत्येक पावलाला टपली बसते आणि दर सात मिनिटांनी स्वच्छतागृह शोधायला लागतं, त्यात व्यायाम कुठे होतो? भरभर चालते, चढ शोधते. पाढा तसाच अडखळतो, म्हणजे काम होतंय.

23 आठवडे 1 दिवस

पैसे वाया गेल्याची नोंद. एका योगवर्गाची तीन महिन्यांची फी एकदम भरली आणि पाचदा जाऊन सोडलं.

वर्ग वाईट होता असं नाही, गरोदर बायकांसाठी नव्हता. मी सांगितलं होतं की दिवस गेलेत. शिकवणाऱ्या बाई "जमेल तेवढं करा" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. अडचण अशी की या दिवसांत भलतंच जमतं. सांधे सैल झालेत, आधी कधी न टेकलेलं डोकं आता गुडघ्याला टेकतं. मला वाटलं मी लवचीक होतेय. पाचव्या दिवशी पाय फाकवून खूप खाली वाकले, सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी नितंबाच्या वरच्या खड्ड्यात ठणका, बसून उठताना हात टेकायला लागला. शिवाय खोली बंद, गरम, पंखा घाम यावा म्हणून बंद ठेवलेला. शरीराचं तापमान चढू द्यायचं नाही हे मला ठाऊक होतं, तरी भिडेपोटी बसून राहिले. ही चूक बाईंची नाही, माझी.

आता ताण देताना आधी जिथपर्यंत जात होते त्याच्या अलीकडेच थांबते. पोट पिळणारे वळसे बंद. वळायचंच तर खांद्यातून, पोट मोकळं ठेवून. ज्यांना वर्ग लावायचाय त्यांनी पहिल्याच दिवशी विचारा: गरोदर बाईला कुठली आसनं देत नाही? चटकन तीन-चार नावं आली नाहीत तर फी भरू नका.

25 आठवडे 1 दिवस

पलंगावरून सरळ उठून बसताना पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, छपराच्या कण्यासारखी उभी धार उठली. नवऱ्याला हाक मारून दाखवली. परत पडले, परत उठले, परत धार. त्यानं घाबरून "नको ना करूस" म्हटलं.

पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पडद्याला जोडलेले असतात, पोट वाढताना तो पडदा रुंदावतो. तसं होणं नॉर्मलच. धार दिसते याचा अर्थ त्या हालचालीत दाब पेलला जात नाहीये. त्यामुळे प्लँक (पालथं होऊन हात आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं) बंद, तेच भिंतीला हात टेकून सुरू. आणि पलंगावरून सरळ उठायचं नाही: आधी कूस, मग पाय खाली, मग हातानं ढकलून उठायचं. व्यायाम निवडायची कसोटी सोपी झाली. करताना पोटाकडे बघायचं. धार आली की तो व्यायाम सोपा करायचा, तरी आली तर सोडायचा.

27 आठवडे 4 दिवस

चालता येत नाहीये. म्हणजे येतं, पण समोर, दोन मांड्यांच्या मधल्या हाडाशी, प्रत्येक पावलाला आतून कुणी हाड वेगळं करतंय असं वाटतं. जिना चढताना जास्त, रात्री कूस बदलताना सगळ्यात जास्त. चार दिवस चालणं बंद ठेवलं. फरक नाही. म्हणजे चालण्यानं झालेलं नाही?

आठवड्याचं एकूण 40 मिनिटं. बूटही घट्ट झालेत, पाय सुजलेत. गेल्या महिन्यात घेतलेली नवी जोडी कपाटात.

28 आठवडे 2 दिवस

डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं. लिहिण्यासारखी भेट आहे.

मी वही नेली होती, कुठल्या दिवशी किती मिनिटं, काय काय केलं. तिनं वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "पँट कशी घालता?"

"म्हणजे?"

"घालून दाखवा."

उभी राहिले, डावा पाय उचलला, उजव्या पायावर तोल सांभाळत घातला, मग दुसरा. उजव्या पायावर उभी असतानाच ती कळ आली आणि मी कॉटला धरलं. ती म्हणाली, "दिवसातून किती वेळा?" मोजलं. पँट, आतले कपडे, मोजे, बूट. मग गाडीतून उतरताना एक पाय बाहेर, एक आत. पलंगावरून उतरतानाही तेच. लादीवर पडलेली वस्तू एका पायानं सरकवणं. दिवसाला वीस-पंचवीस वेळा मी अख्खं वजन एका बाजूला टाकत होते आणि वहीत त्यातलं एकही लिहिलेलं नव्हतं, कारण तो व्यायाम नव्हता.

कटीच्या हाडांचं कडं सांध्यांनी जोडलेलं असतं, समोर एक, मागे दोन. गरोदरपणात ते सांधे सैलावतात, एका पायावर उभं राहिलं की दोन्ही बाजू वरखाली घासतात. तिनं दिलेली यादी मी जशीच्या तशी उतरवली: कपडे बसून घालायचे. गाडीतून आणि पलंगावरून दोन्ही गुडघे जुळवून उतरायचं, घागरा आवळून घातल्यासारखे (तिचाच शब्द). रात्री गुडघ्यांमध्ये आणि घोट्यांमध्ये उशी. जिना एकेक पायरी, दुखत नसलेला पाय आधी वर. पाऊल आखूड. व्यायामात एक पाय पुढे टाकून बसणं आणि रुंद पाय फाकवून बसणं बंद. त्याऐवजी खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये उशी दाबायची, पाच मोजायचे, सोडायची. खुर्चीतून उठबस, पाय कमरेइतकेच लांब. चालताना कटीपट्टा, दिवसभर नको.

त्याच भेटीत दुसरी चूक निघाली. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम मी बारा आठवडे करत होते, उलटा. आवळण्याऐवजी खाली जोर देत होते, श्वास कोंडून. तिनं सांगितलं: वारा अडवायचाय असं समजा, मग तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत वर उचला. पोट, मांड्या, नितंब ढिले. श्वास चालू. दहा मोजेपर्यंत धरायचं, पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा. नंतर दहा झटपट. दिवसातून तीनदा. लघवी करता करता मधेच थांबवून हा सराव करू नये, हेही तिनंच बजावलं. मी पहिल्या दिवशी चारपर्यंत धरू शकले.

29 आठवडे 5 दिवस

बसून कपडे घालायला लागून दहा दिवस. दुखणं निम्म्यावर. सपाटीवर 15 मिनिटं चालले. वहीत आता "एका पायावर: किती वेळा" असा रकाना आहे. आज दोनदा.

31 आठवडे 3 दिवस

पाण्यात उतरले. हे चार आठवडे आधी का सुचलं नाही?

छातीइतक्या पाण्यात नुसतं चालते, पुढे, मागे, आडवं. वजन जाणवत नाही, हाड दुखत नाही, आणि बाहेर आल्यावर घोटे पुन्हा घोट्यांसारखे दिसतात, कारण पाण्याच्या दाबानं सूज ओसरते. लघवीला मात्र पळावं लागतं, तेही त्याच कारणानं. पहिल्याच दिवशी उत्साहात बेडकासारखे पाय फाकवून पोहायला गेले आणि समोरचं हाड ताबडतोब बोललं. आता पाय सरळ, वरखाली. गरम पाण्याच्या टबाजवळ गेले नाही. सगळ्यात घसरडी जागा पाण्याबाहेरची, तिथे रबरी चपला आणि कठड्याला हात. माझा तोल आता माझ्या अंदाजाच्या बोटभर पुढे असतो.

आठवड्याचं एकूण 130 मिनिटं, त्यातली 90 पाण्यात. फी योगवर्गापेक्षा जास्त आहे. कुरकुर न करता भरली.

34 आठवडे 0 दिवस

चालताना पोट दगडासारखं कडक झालं. थांबले, सैल झालं. निघाले, पुन्हा कडक. तीनदा. दुखत नव्हतं. पण घाबरले.

घरी येऊन लघवी केली, दोन पेले पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले, घड्याळ समोर ठेवलं. अर्ध्या तासात थांबलं. त्या सराव-कळा, खऱ्या बाळंतकळा नव्हेत. पाणी कमी पडलं किंवा मूत्राशय भरलेलं असलं की जास्त येतात आणि आज दोन्ही होतं. पडल्यावरही थांबल्या नसत्या, नेमानं यायला लागल्या असत्या, किंवा पाणी, रक्त दिसलं असतं, तर दवाखाना. फोन तरीही केला. बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे ना, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. होती.

35 आठवडे 6 दिवस

डावी पोटरी दुखतेय. रात्री गोळा येतो तसं वाटलं, पण गोळा चोळल्यावर जातो, हे गेलं नाही. फीत घेऊन मोजलं: डावी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर जाड, हाताला गरमही. पाय तर दोन्ही सुजलेत, एकच का? चोळणं थांबवलं आणि सरळ दवाखान्यात गेले. शिरेत रक्ताची गुठळी नाही ना ते बघायला डॉपलर केलं. नाही. अर्धा दिवस गेला, वर "उगाच पळत येते" असं कुणाला वाटलं असेल का म्हणून संकोच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या कारणासाठी दहादा या."

लाल पेनाच्या पानावर भर घातली, थांबून फोन करायच्या खुणा: रक्त, पाणी, नेमानं कळा, हालचालीआधीच लागलेली धाप, छातीत दुखणं, चक्कर, तीव्र डोकेदुखी, तोल जाण्याइतका स्नायूंचा अशक्तपणा, एका पोटरीत दुखणं किंवा सूज.

37 आठवडे 2 दिवस

फिजिओची शेवटची भेट. आता आवळण्यापेक्षा सोडायचा सराव जास्त करायला सांगितलाय. बाळ बाहेर यायचंय, दार घट्ट धरून कसं चालेल? श्वास खाली जाऊ द्यायचा आणि त्यासोबत तळ ढिला सोडायचा. आवळणं जमायला दोन महिने लागले, सोडणं त्याहून अवघड. जबडा ढिला सोडला की खालचंही सुटतं हे मला हसण्यावारी वाटलं होतं. करून बघा.

39 आठवडे 3 दिवस

22 मिनिटं, नवऱ्यासोबत, सपाटीवर. सतराचा पाढा त्यालाही पाठ झालाय. मी अडखळले की तो पुढची ओळ म्हणतो, त्यामुळे चाचणी रद्द.

बाळंतपणानंतर, दिवस 6

नैसर्गिक बाळंतपण, थोडे टाके. चालणं खोलीपासून दारापर्यंत आणि परत, दोनदा. डॉक्टरांनी सांगितलंय की घाई नको, तळाचे स्नायू मात्र दुखत नसेल तर हलकेच आवळायला लागा. बाळ झोपलं होतं. कुशीवर पडून, श्वास सोडत, आत वर उचललं. गेल्या महिन्यात दहा मोजत होते. दोनला सुटलं. लिहून ठेवलं: दोन.